नळ्यांचा पिंजरा

मराठीत ‘पिंजरा’ हा शब्द उच्चारताच मनासमोर बंदिवासाची प्रतिमा उभी राहते. पोपटाचा पिंजरा, सर्कशीतल्या वाघाचा पिंजरा, संतवाङ्मयातला देहाचा पिंजरा. या सर्व ठिकाणी आत असतो तो परतंत्र आणि बाहेर असतो तो स्वतंत्र. गजांच्या कोणत्या बाजूला कोण उभा आहे, यावरून सत्ता कोणाची हे ठरते. समुद्राच्या पाण्यात मात्र या शब्दाचा अर्थ उलटा होतो. शार्क जवळून पाहण्यासाठी माणूस जो पिंजरा पाण्यात सोडतो, त्यात तो स्वतःच, स्वेच्छेने आणि आतून दार लावून उभा राहतो. बाहेर अमर्याद पाणी असते आणि त्या पाण्यात मोकळा फिरणारा एक बलवान प्राणी असतो. बंदिवानाची जागा घेऊन मोकळ्या प्राण्याकडे पाहण्याची ही रीत अवघ्या काही दशकांची आहे. पण तिने उभा केलेला प्रश्न फार जुना आहे. माणसाला सुरक्षित कोण ठेवते, त्याने बांधलेली भिंत की भिंतीपलीकडच्याचा संयम?

हे पिंजरे बहुधा पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. परंतु हौशी पाणबुड्यांपैकी काही जण आपल्या घराच्या अंगणात, न्हाणीघराच्या नळकामासाठी दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या कापून आणि जोडून असा पिंजरा तयार करतात. या घरगुती पिंजऱ्याकडे वेडगळ छंद म्हणून पाहून हसणे सोपे आहे. तथापि पोलादी पिंजऱ्यात जो प्रश्न धातूच्या जाडीखाली दडून राहतो, तो या पोकळ नळ्यांमध्ये उघडा पडतो. म्हणूनच या पिंजऱ्याचा विचार गंभीरपणे करणे योग्य ठरेल.

शार्कपिंजऱ्याचा इतिहास सांगताना रॉडनी फॉक्स या ऑस्ट्रेलियन पाणबुड्याचे नाव अपरिहार्यपणे येते. डिसेंबर १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील अल्डिंगा किनाऱ्यावर, पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत, एका पांढऱ्या शार्कने त्याला छातीपाशी धरले. त्याच्या शरीरावर साडेतीनशेहून अधिक टाके घालावे लागले. मृत्यूच्या जबड्यातून परतलेल्या माणसाने समुद्राकडे पाठ फिरवली असती किंवा सूडबुद्धीने शार्कची शिकार आरंभली असती, तर त्यात कोणालाच नवल वाटले नसते. फॉक्सने यांपैकी काहीच केले नाही. पुढे प्राणिसंग्रहालयातले सिंहांचे पिंजरे पाहताना त्याला सुचले की, हीच योजना उलटी करून माणसाला आत ठेवावे आणि प्राण्याला बाहेर मोकळे सोडावे. पिंजरा पाण्यात नेण्याची कल्पना सर्वस्वी त्याचीच होती असे नाही. झाक कुस्तो यांच्या चमूने पन्नाशीच्या दशकातच असा पिंजरा वापरला होता. परंतु पांढऱ्या शार्कचे निरीक्षण करण्याचे साधन म्हणून पिंजऱ्याला स्थान मिळाले ते प्रामुख्याने फॉक्सच्या प्रयत्नांमुळे. ज्याने आपल्याला जखमी केले त्याला समजून घ्यावे, या इच्छेतून ते साधन जन्माला आले. भीती नाहीशी करता येत नसेल तर तिला जाणून घेण्याइतके अंतर निर्माण करावे, हा त्यामागचा विचार होता आणि तो नैतिकदृष्ट्या उंच होता यात शंका नाही.

आता घरगुती पिंजऱ्याकडे वळू. दोन इंच व्यासाच्या पीव्हीसी नळ्या, कोपऱ्यांसाठी एल्बो, आडव्या गजांसाठी टी आणि ते सारे जोडणारे सॉल्व्हंट सिमेंट एवढीच त्याची सामग्री. माणूस उभा राहू शकेल असा पिंजरा करायला सुमारे चाळीस मीटर नळी लागते. करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो पाण्याकडून. पीव्हीसी हा पदार्थ पाण्याहून जड आहे. पण दोन्ही टोके बंद केलेली पोकळ नळी आतल्या हवेमुळे तरंगते. अशी नळी दर मीटरला जवळजवळ तीन लिटर पाणी बाजूला सारते आणि तिचे स्वतःचे वजन मात्र किलोभरच असते. परिणामी चाळीस मीटर नळीचा बंदिस्त पिंजरा सत्तर किलोंहून अधिक बळाने वर येऊ पाहतो. आपल्याच निर्मात्याला तो पाण्याखाली जाऊ देत नाही. म्हणून नळ्यांना जागोजागी भोके पाडून त्यांत पाणी शिरू द्यावे लागते. मग तोच पिंजरा पाण्यात दहा-बारा किलो वजनाचा होऊन सावकाश बुडतो. ज्या पाण्यापासून अंतर राखायचे, तेच पाणी नळीच्या पोटात घेतल्यावाचून पिंजरा खाली जात नाही.

दुसरा धडा सांध्याचा. सॉल्व्हंट सिमेंट हा डिंकासारखा चिकटवणारा पदार्थ नव्हे. ते नळीचा आणि जोडतुकड्याचा पृष्ठभाग किंचित विरघळवते, आणि द्रावक उडून गेल्यावर ते दोन्ही पृष्ठभाग एकजीव होतात. पृष्ठभाग नीट पुसलेला असेल, नळी पूर्ण खोलीपर्यंत बसवलेली असेल आणि सांध्याला वाळायला पुरेसा अवधी दिलेला असेल, तर तो नळीइतकाच मजबूत होतो. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली, तरी बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. चांगला सांधा आणि कच्चा सांधा सारखेच दिसतात. कोणता सांधा घाईत झाला, कोणत्या नळीवर धूळ राहिली, हे एकाच माणसाला ठाऊक असते, आणि ते म्हणजे ज्याने तो जोडला त्याला. हा तपशील वरवर कारागिरीचा आहे. परंतु या विषयातला एक महत्त्वाचा नैतिक मुद्दा त्याच्यात साठवलेला आहे, आणि त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

तिसरा धडा सामर्थ्याचा. पूर्ण वाढलेला पांढरा शार्क चार ते सहा मीटर लांब असतो आणि त्याचे वजन टनाच्या घरात जाते. एक टन वजनाचा शार्क ताशी अठरा किलोमीटर वेगाने, म्हणजे त्याच्या दृष्टीने फारशी घाई न करता, पिंजऱ्यावर आदळला तर त्या धडकेतील ऊर्जा एक टन वजन सव्वा मीटर उंचीवरून खाली टाकल्याइतकी असते. पोकळ प्लास्टिकच्या नळीने ती सोसावी अशी अपेक्षा कोणताही समंजस माणूस करणार नाही. त्यातच पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होते आणि थंड पाण्यात तर आघाताला ते अधिकच लवकर तडकते. थोडक्यात, खरोखर आत यायचे ठरवलेल्या पांढऱ्या शार्कला नळ्यांचा पिंजरा अडवू शकत नाही. असे असूनही त्यात उतरणारा माणूस बहुतेक वेळा सुखरूप वर येतो. मग त्याला कोणी वाचवले?

याचे उत्तर असे की, शार्कने आत यायचे ठरवलेलेच नसते. माणूस हे शार्कचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. अपरिचित वस्तू दिसली की तो तिच्याभोवती फेऱ्या घालतो, नाकाने हलकेच ढोसतो आणि कधी दातांनी चाचपतोही. त्याच्या थोबाडावरील सूक्ष्म इंद्रिये पाण्यातले अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह टिपतात. खाऱ्या पाण्यात धातूभोवती असे प्रवाह निर्माण होतात, आणि म्हणूनच शार्क धातूच्या पिंजऱ्याला तोंड लावतात असा अभ्यासकांचा तर्क आहे. प्लास्टिकभोवती असे प्रवाह नसतात. ते काहीही असले तरी नळ्यांचा पिंजरा शार्कला अडवत नाही हे खरे; तो फक्त एक कडा आखतो. येथे काही तरी मोठे, कठीण आणि अनोळखी आहे एवढेच तो कळवतो. त्या कडेचा मान राखायचा की नाही, हे शार्क ठरवतो. रक्षण पिंजऱ्याचे दिसते, परंतु वस्तुतः ते पिंजऱ्याबाहेरच्या प्राण्याच्या स्वभावाचे असते.

आपल्या परंपरेत शुकनलिकान्याय म्हणून एक दृष्टांत आहे आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही तो आलेला आहे. पारधी एक नळी टांगून ठेवतो. पोपट तिच्यावर येऊन बसताच त्याच्या भाराने नळी फिरते आणि पोपट उलटा लटकतो. आपण बांधले गेलो असे वाटून तो नळी अधिकच घट्ट धरतो. वस्तुतः त्याचे पाय मोकळे असतात, पंख मोकळे असतात. त्याला बांधून ठेवते ती त्याची स्वतःची समजूत. नळ्यांच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस हा त्या पोपटाचा उलटा भाऊ म्हणता येईल. बंधन नसताना पोपट स्वतःला बद्ध मानतो. रक्षण नसताना माणूस स्वतःला रक्षित मानतो. दोघांच्याही मुठीत नळीच असते.

यावर एक आक्षेप संभवतो. अशा दृष्टीने पाहिले तर माणसाची सारीच सुरक्षितता अशीच नाही काय? शेताभोवतीचे काटेरी कुंपण दांडग्या बैलाला थोपवू शकत नाही. दाराची कडी एका लाथेने निघते. रस्त्याच्या मधोमध आखलेला पांढरा पट्टा समोरून येणाऱ्या मालमोटारीला रोखत नाही. ही सर्व साधने अडवण्यापेक्षा सांगण्याचेच काम अधिक करतात, आणि ऐकणाऱ्याने ऐकले म्हणून जग चालते. आक्षेप खरा आहे, परंतु एक भेद त्यातून निसटतो. कडी आणि पट्टा ज्यांच्याशी बोलतात ती माणसे असतात. त्या खुणांचा अर्थ त्यांनीही मान्य केलेला असतो आणि त्याच खुणांचे रक्षण त्यांनाही मिळत असते. शार्कने असा कोणताही करार केलेला नाही. पिंजऱ्याचा करार एकतर्फी आहे. एक पक्ष त्याच्या अटी ठरवतो आणि दुसरा पक्ष, आपण कशात सामील आहोत हे माहीत नसताना, त्या बहुधा पाळतो. ज्याच्या संयमावर आपण जगतो त्याला आपण काय देणे लागतो, हा प्रश्न येथून सुरू होतो.

प्रथम पिंजरा करणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचा विचार करू. जॉन स्टुअर्ट मिल याच्या १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाने, जो महाराष्ट्रातील आगरकरांच्या पिढीने आस्थेने वाचला, असा सिद्धान्त मांडला की, ज्या कृतीचा उपद्रव फक्त करणाऱ्यालाच होतो, तिच्यात समाजाने बळाने हस्तक्षेप करू नये. या न्यायाने स्वतःच्या हातांनी नळ्या जोडून स्वतःच त्यात उतरणाऱ्या माणसाला कोणी अडवू नये. ॲरिस्टॉटल कदाचित एवढ्यावर थांबला नसता. त्याच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस या दोन टोकांच्या मधले असते. आणि ते मध्य सापडते ते भयाच्या खऱ्या मापावरून. भय ज्याला दिसतच नाही तो शूर नव्हे. नळ्यांच्या पिंजऱ्यात उतरणारा, ‘ही नळी मला वाचवील’ असे मानून उतरत असेल तर तो केवळ अज्ञानी आहे. ‘ही नळी मला वाचवणार नाही, ज्या प्राण्याला पाहायला चाललो आहे त्याच्या स्वभावावर मी हवाला ठेवतो आहे’ हे जाणून तो उतरत असेल, तर त्याला साहसी म्हणता येईल. कृती बाहेरून एकच दिसते. तिचे मोल त्या जाणिवेने बदलते.

या बाबतीत घरगुती पिंजऱ्याच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. पैसे मोजून पोलादी पिंजऱ्यात उतरणाऱ्या प्रवाशाला त्या पिंजऱ्याविषयी काहीही ठाऊक नसते. त्याने सुरक्षितता विकत घेतलेली असते, आणि विकत घेतलेल्या वस्तूच्या आतले सांधे कोणी पाहत नाही. नळ्या जोडणारा मात्र आपला प्रत्येक सांधा ओळखतो. आपण कशावर उभे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याची जोखीम, ती मोठी असली तरी, अधिक प्रामाणिक आहे. पण हा प्रामाणिकपणा एकाच माणसापुरता टिकतो. त्याने आपल्या मित्राला, भावाला किंवा मुलाला त्याच पिंजऱ्यात बोलावले, की सारे गणित बदलते. सांध्याविषयीचे ज्ञान सांध्याबरोबर दुसऱ्याच्या हाती जात नाही. जातो तो फक्त विश्वास. घाईत जुळवलेला एक सांधा करणाऱ्यासाठी धोका असतो, तर आलेल्यासाठी तो न सांगितलेले असत्य ठरतो. पिंजरा फुटलाच तर नावेवरून उडी टाकणाऱ्या सोबत्याचा जीवही त्या जुळणीत, त्याला न विचारता, गोवलेला असतो. ‘माझा जीव, माझी जोखीम’ हे वाक्य समुद्रात फार क्वचित खरे असते.

या माणसांखेरीज आणखी एक जण या व्यवहारात असतो आणि त्याला तर कोणीच विचारत नाही. तो म्हणजे शार्क. पिंजरा पाण्यात सोडला म्हणजे शार्क येतोच असे नाही. म्हणून रक्तमिश्रित माशांचे आमिष टाकून त्याला बोलवावे लागते. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ २०१६ साली आमिषावर झेपावलेला एक पांढरा शार्क पिंजऱ्याचे गज मोडून आत शिरला. आतला पाणबुडा सुखरूप बाहेर पडला आणि शार्कही निसटला. जगाने ते दृश्य श्वास रोखून पाहिले आणि माणूस वाचला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच बेटापाशी २०१९ साली दुसऱ्या एका शार्कचे डोके पिंजऱ्याच्या गजांत अडकले. शार्कला मागे पोहता येत नाही. पुढे जाणे हीच त्याच्या शरीराची एकमेव दिशा असते. तो धडपडत राहिला, रक्तबंबाळ झाला आणि त्यात त्याचा अंत झाल्याचे वृत्त पसरले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने त्या बेटाच्या संरक्षित क्षेत्रातील शार्कपर्यटन कायमचे बंद केले. कुंपणानेच शेत खावे तसे येथे झाले. फरक इतकाच की, हे कुंपण ज्याच्यासाठी घातले होते तो सुरक्षित राहिला, आणि ज्याला पाहण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच्यावर बेतले.

आणि या व्यवहाराची झळ ज्यांना लागते त्यांतले काही तर तेथे हजरही नसतात. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला स्ट्युअर्ट बेट आहे. त्याच्या आसपास पाउआ नावाचे समुद्री शंखप्राणी गोळा करून उपजीविका करणारे पाणबुडे आहेत. ते श्वास रोखून बुडी मारतात आणि खडकावरून पाउआ सुटे करतात. त्यांच्याभोवती ना पोलादाचे गज असतात, ना प्लास्टिकच्या नळ्या. त्याच पाण्यात पर्यटकांना पिंजऱ्यातून शार्क दाखवण्याचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा या पाणबुड्यांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते: आमिषाने बोलावलेला शार्क नाव आणि अन्न यांचा संबंध जोडायला शिकेल आणि त्याची किंमत पिंजऱ्यात नसलेल्यांना मोजावी लागेल. २०१८ साली तेथील अपील न्यायालयाने असे शार्कदर्शन १९५३ च्या वन्यजीव कायद्याखाली अपराध ठरवले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष फिरवला. शार्क खरोखरच असा संबंध जोडतात काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. न्यायालयाने कायद्यातील शब्दांचा अर्थ लावला, आणि त्याचे काम तेवढेच होते. नैतिक प्रश्न मात्र निकालानंतरही जागच्या जागी राहिला. एकाच्या पिंजऱ्यामुळे दुसऱ्याचे उघडेपण वाढत असेल, तर त्या पिंजऱ्याने भय नाहीसे केले की नुसते दुसऱ्याच्या पदरात टाकले?

येथे ‘अभय’ या शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना पहिले नाव अभयाचे घेतले आहे. भारतीय विचारात या शब्दाला दोन बाजू आहेत: आपण कोणाला न भिणे आणि आपल्यापासून कोणाला भय न वाटू देणे. अभयदान हा शब्द या दुसऱ्या बाजूतून आला. पिंजरा पहिली बाजू पुरवतो, निदान पुरवल्याचा भास तरी निर्माण करतो. दुसऱ्या बाजूविषयी तो मुका असतो. सुरक्षितता बाजारात विकत घेता येते किंवा अंगणात बसून जोडता येते. अभय तसे एकट्याला मिळवता येत नाही. ते दोघांच्या दरम्यान असते.

१९६९ साली पीटर गिम्बेल, स्टॅन वॉटरमन आणि रॉन व व्हॅलरी टेलर हे चौघे एका चित्रपटाच्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेतील डर्बनजवळच्या समुद्रात उतरले. देवमाशाच्या कलेवराभोवती पांढऱ्या टोकांच्या परांचे अनेक शार्क जमले होते आणि हे चौघे पिंजऱ्यांतून त्यांचे चित्रण करीत होते. पुरेसा वेळ निरीक्षण केल्यावर त्यांनी पिंजऱ्यांची दारे उघडली आणि ते त्या शार्कांच्या मेळ्यात बाहेर आले. शार्कांनी त्यांना ढोसले, चाचपले आणि सोडून दिले. हे चित्रण १९७१ च्या ‘ब्लू वॉटर, व्हाइट डेथ’ या चित्रपटात आहे. यावरून पिंजरे टाकून द्यावेत असा निष्कर्ष काढणे मूर्खपणाचे होईल. त्या चौघांना बाहेर पडता आले, कारण आत असताना ते शिकले होते. पिंजऱ्याचे श्रेष्ठ कार्य कदाचित हेच असेल की, त्याने पाहण्याइतका वेळ मिळवून द्यावा आणि पाहता पाहता दुसऱ्याच्या स्वभावाविषयीचे अज्ञान कमी करावे.

परंतु त्याच दशकात पिंजऱ्याची दुसरीच प्रतिमा जगभर पसरली. १९७५ च्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी टेलर दांपत्याने दक्षिण ऑस्ट्रेलियात खऱ्या शार्कचे चित्रण केले. शार्क अधिक प्रचंड दिसावा म्हणून मुद्दाम लहान आकाराचा पिंजरा वापरला होता. त्या चित्रणात एक शार्क पिंजऱ्याच्या दोरांत गुरफटला आणि सुटण्यासाठी त्याने थैमान घातले. पिंजरा त्या वेळी रिकामा होता. पडद्यावर मात्र लोकांना दिसला तो माणसावर चालून येणारा राक्षस. अडकलेल्या प्राण्याची धडपड ही हल्ल्याची प्रतिमा बनली. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढे आयुष्याचा मोठा भाग शार्कच्या रक्षणासाठी वेचला. पण पसरलेले भय परत गोळा करता येत नाही.

कोणाला कोणापासून पिंजऱ्याची गरज आहे, हे आकडेच सांगतात. जगभरात वर्षाकाठी शार्कच्या, माणसाने न डिवचता झालेल्या, हल्ल्यांत दगावणाऱ्यांची संख्या बहुधा दहाच्या आतच असते. उलट २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो. डर्बनजवळ ज्यांनी त्या चौघांना सोडून दिले, ती शार्कची जात आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. मराठी माणसाला तर शार्क पिंजऱ्यातून दिसण्याआधी टोपलीतच दिसला आहे. कोकणच्या बाजारात लहान शार्क मोरी किंवा मुशी या नावांनी विकले जातात. खाण्यासाठी मासे धरणे आणि निव्वळ भीतीपोटी मारणे या एक गोष्टी नव्हेत, हे मान्य करूनही एवढे म्हणावेच लागते की, या दोन पक्षांपैकी ज्याने संयम दाखवला तो माणूस नव्हे.

तरीही माणसाला हे जमणारच नाही असे नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या परिसरात, एके काळी देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क हा प्रचंड पण निरुपद्रवी मासा, मोठ्या संख्येने मारला जात असे. २००१ साली भारताने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. कायद्याने जे एकट्याने साधले नसते ते २००४ पासूनच्या लोकजागृतीने साधले. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि किनाऱ्यावर त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव पडले. त्यानंतर जाळ्यात सापडलेली व्हाली सोडवण्यासाठी तेथील कोळी स्वतःचे जाळे कापू लागले. सरकार नुकसानभरपाई देते हे खरे. पण भर समुद्रात, ज्यावर घर चालते त्या जाळ्यावर सुरी चालवायची ती स्वतःच्याच हाताने. जाळे हाही एक पिंजराच आहे, आणि तो ज्याचा असतो त्यानेच तो कापावा, यात अभयाची दुसरी बाजू मूर्त होते.

अंगणात नळ्या जोडणाऱ्या माणसाला या सर्वांतून कोणता उपदेश करायचा? ‘करू नको’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कारण ज्या कुतूहलाने तो नळ्या कापतो त्याच कुतूहलाने रॉडनी फॉक्सला सूडापासून दूर ठेवले होते. जिथे पांढऱ्या शार्कसारखे प्राणी वावरतात तिथे त्याने त्या नळ्यांच्या भरवशावर उतरू नये, हे व्यवहाराचे बोल झाले. त्यापलीकडची अपेक्षा अशी की, आपण कोणाच्या भरवशावर उभे आहोत हे त्याने स्वतःपासून लपवू नये. कच्चा सांधा त्याने दुसऱ्याला सांगावा. आमिष टाकून कोणाला बोलवावे लागत असेल, तर त्या बोलावण्याची किंमत कोण मोजणार आहे हे आधी विचारावे. आणि बाहेरून फेरी घालून जो शांतपणे निघून गेला, त्याचे ते जाणे आपल्या कारागिरीच्या खात्यावर जमा करू नये.

दोन इंची नळीची भिंत फार पातळ असते. पोलादाचीही, समुद्राच्या मानाने, फार जाड नसते. घर, गाव, देश आणि सीमा यांच्या भिंतींविषयीही हेच म्हणता येईल. त्या उभ्या राहतात तेव्हा बांधणाऱ्याच्या कौशल्याचे कौतुक होते. पलीकडच्याने त्या ढकलल्या नाहीत, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ती नोंद ठेवणे आणि तिची परतफेड आपल्या संयमाने करणे, एवढे तरी आत उभ्या असलेल्याचे कर्तव्य आहे.